देवाला ट्रस्ट कशाला?

मराठीत ‘विश्वास’ हा चांगला धडधाकट शब्द असताना आपण ‘ट्रस्ट’ कुठे म्हणतो ते पाहा. जिथे विश्वास संपलेला असतो तिथे. गावातली चार माणसे एकमेकांवर विसंबून जत्रा पार पाडत असतात तोवर ट्रस्टाचे नाव कोणी काढत नाही. पालखी, नैवेद्य, तमाशाची सुपारी, कुस्त्यांचे इनाम, सगळे तोंडी चालते. मग एका वर्षी वर्गणीचा मेळ लागत नाही किंवा चांदीचा मुखवटा वजनाला कमी भरतो. पारावर कोणीतरी म्हणते, “आता ट्रस्टच करून टाका.” त्यानंतर ती मंडळी माझ्याकडे येत.

मी साताऱ्यात वकिली केली, आणि तिचा मोठा भाग धर्मादाय कार्यालयाच्या बाकांवर गेला. खून-दरोड्याचे खटले चालवणारे मित्र बार रूममध्ये मला ‘देवाचा वकील’ म्हणून चिडवत. काम मात्र देवाचे नव्हते. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करायचा, परिशिष्ट एकच्या नोंदी दुरुस्त करून घ्यायच्या, स्कीमचे म्हणजे कारभाराच्या नियमावलीचे अर्ज लिहायचे, एका गटाने दुसऱ्या गटाच्या विश्वस्तांना काढायचा अर्ज केला की त्याला म्हणणे द्यायचे. आता काळा कोट खुंटीला आहे. ज्या शब्दाच्या जिवावर घर चालले त्याच्याकडे जरा सवडीने बघावे असे वाटते.

हा शब्द मोठा उचापती आहे. मूळचा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा. त्यांच्या भाषेत ‘ट्राउस्ट’ म्हणजे आधार, भक्कमपणा. इंग्रजीत आल्यावर त्याने किती वेष घेतले! अमेरिकेच्या नाण्यावर तो देवाशेजारी जाऊन बसला. आमचा भरवसा देवावर, अशा अर्थाचे वाक्य तिथे यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६४ साली, दोन सेंटच्या नाण्यावर पहिल्यांदा उमटले आणि १९५६ मध्ये ते राष्ट्राचे ब्रीदवाक्य झाले. आपल्या वाण्याच्या दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीइतके ते स्पष्ट नाही, एवढेच. त्याच देशात १८८२ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने आपल्या साऱ्या कंपन्यांचे भाग नऊ विश्वस्तांच्या हाती दिले आणि तेलाचा बाजार मुठीत घेतला. तेव्हापासून तिथली जनता ‘ट्रस्ट’ म्हणू लागली ती मक्तेदारीला. १८९० मध्ये मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला, त्या जातीच्या कायद्यांना आजही ‘अँटी-ट्रस्ट’ म्हणतात. म्हणजे नाण्यावर ट्रस्ट हे पुण्य आणि बाजारात पाप.

मुंबईने हा शब्द गोदीत पाहिला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला. १८९६ मध्ये प्लेग आला, त्याच्या पाठोपाठ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या वस्त्या आखल्या. २०२१ च्या कायद्यानंतर पोर्ट ट्रस्टच्या पाटीवरून ‘ट्रस्ट’ जाऊन ‘अथॉरिटी’ आली. मला त्यात प्रामाणिकपणा दिसला. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग ट्रस्टांच्या मालकीचे आहेत. आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाला ट्रस्ट म्हटले की आठवायचा तो युनिट ट्रस्ट. त्याच्या यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री २००१ च्या जुलैत एकाएकी थांबवली गेली, तेव्हा कित्येक निवृत्त मास्तरांना या शब्दाचा नवाच अर्थ कळला.

आता तर हा शब्द क्रियापदासह घरात शिरला आहे. माझी नात मैत्रिणीशी फोनवर बोलते, “मी त्याच्यावर ट्रस्ट केला ना!” मी दाराला दोनदा कडी लावून पाहतो म्हणून ती मला सांगते, “आजोबा, तुम्हाला ट्रस्ट इश्यूज आहेत.” मी म्हणतो, “बाळ, त्याच्यावरच तर या घराचे हप्ते फिटले.”

हे सगळे अर्थ बाजूला ठेवून मी एकाच अर्थापाशी थांबतो, कारण त्याच्या पोटात एक धार्मिक प्रश्न आहे. देवळाचा ट्रस्ट. म्हणजे काय? देवळाची जमीन, दागिने, दानपेटी यांचा मालक कोण? ट्रस्टी नव्हेत, हे कोणीही सांगेल. गावही नव्हे. मग देव? पण देव मालक असू शकतो का? आणि असेल, तर त्याच्या वतीने आपण कोणावर भरवसा टाकतो आहोत: देवावर, विश्वस्तांवर, की धर्मादाय आयुक्तांच्या शिक्क्यावर?

गंमत अशी की ज्या इंग्लंडातून हा शब्द आला तिथेही त्याच्या जन्माशी देवधर्मच आहे. १२२४ साली फ्रान्सिस्कन भिक्षू इंग्लंडात आले. अकिंचन राहायचे व्रत. स्वतःच्या नावावर काहीच घ्यायचे नाही, मठाच्याही नावावर नाही. पण झोपायला छप्पर तर हवे. मग गावकरी घर आपल्या नावावर ठेवीत आणि भिक्षूंना ‘उपयोगासाठी’ देत. सरदार मंडळी जमिनी मित्रांच्या नावावर करून ठेवीत, लढाईवर जाताना किंवा वारसांची सोय लावायला. बायकामुलांना सांभाळ, अशी तोंडी बोली. मित्र फिरला तर? साधी न्यायालये म्हणत, कागदावर नाव त्याचे, जमीन त्याची. मग रडत लोक राजाकडे जात, राजा त्यांना चॅन्सेलरकडे पाठवी. हा चॅन्सेलर बहुतेक वेळा बिशप असे, पापाची कबुली ऐकणारा माणूस. तो विचारी: जमीन कायद्याने तुझी आहे, ते असू दे, तुझे मन काय सांगते? आणि मनाला जे टोचायला हवे होते ते तो हुकुमाने करून घेई. सदसद्विवेकाची अशी वसुली करता करता ट्रस्टचा कायदा घडला. मेटलंडसारखा इतिहासकार त्याला इंग्रजांची कायद्यातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणतो. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये या ‘उपयोगां’विरुद्ध कायदा आणला तो काही भक्तिभावाने नव्हे, लोक या वाटेने राजाचा कर चुकवत होते. करसल्लागारांचे ट्रस्टप्रेम काही आजचे नाही.

फ्रान्सिस्कनांचा वाद तर पुढे पोपपर्यंत गेला. १२७९ मध्ये तिसऱ्या निकोलसने मान्य केले की भिक्षू वस्तू फक्त वापरतात, मालकी पोपच्या गादीची. १३२२ मध्ये बाविसावा जॉन उलटला. त्याचा सवाल असा की जी वस्तू वापरली की संपते तिची मालकी आणि वापर वेगळे कसे काढणार? भिक्षूने भाकरी खाल्ली. ती खाल्ली कोणाची? पोपची? हा सवाल वाचला तेव्हा मला कोरेगाव तालुक्यातला एक म्हातारा गुरव आठवला. त्याच्याकडे येतो.

आपल्याकडे इंग्रजांची न्यायालये आली आणि त्यांच्यापुढे देवळांचे वाद उभे राहिले. १८८७ चा डाकोरचा खटला प्रसिद्ध आहे. रणछोडरायाच्या पायाशी येणारे द्रव्य आमचेच, असे तिथल्या सेवकांचे म्हणणे. मुंबई हायकोर्टाने सांगितले की हे द्रव्य देवाला वाहिलेले आहे, तुम्ही त्याचा हिशेब देणे लागता. आमच्या जवळच्या चिंचवडला तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मोरया गोसावींच्या घराण्यात सात पिढ्या गणपतीचा अंश वसतो, अशी श्रद्धा. एडवर्ड मूर नावाच्या इंग्रज कप्तानाने १८०१ च्या सुमारास ‘वंशपरंपरागत जिवंत देव’ म्हणून त्यांच्यावर लेख लिहिला. घराण्याचे आडनावच देव. तेव्हा संस्थानची मिळकत देवांची की देवाची, हा वाद त्याच शतकात मुंबई हायकोर्टाच्या पायऱ्या चढला, यात नवल नाही.

लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र १९२१ मध्ये एका मठाच्या खटल्यात कबूल केले की इंग्रजी अर्थाचा ट्रस्ट हिंदूंना आणि मुसलमानांना ठाऊक नव्हता. मठाचा महंत किंवा वक्फचा मुतवल्ली हा काटेकोर अर्थाने ट्रस्टी नव्हे. निकाल लिहिणारे होते सय्यद अमीर अली. १९२५ मध्ये त्याच कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातले भांडण आले. कुलदेवतेची मूर्ती पाळीपाळीने कोणाच्या घरी न्यायची, हा वाद. तेव्हा न्यायाधीश म्हणाले की मूर्तीचीही इच्छा विचारात घ्यायला हवी, आणि ती मांडायला ज्याचा या भांडणात स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमा. देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती झाली. व्यक्ती झाली की पुढचे सगळे मागून येते. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने देवाला प्राप्तिकरही लागू होतो असे ठरवले. ज्या व्यक्तीला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत तिला कायदा पालक देतो, म्हणून कोर्टांनी देवाला अल्पवयीनाच्या जागी धरले. आमच्या कोर्टाच्या मराठीत अल्पवयीनाला शब्द आहे ‘अज्ञान’. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असते ना, अज्ञान पालनकर्ता, तेच. सकाळी ज्याला सर्वज्ञ म्हणून हात जोडून निघायचे त्याच्या वतीने अकरा वाजता ‘सदर देव अज्ञान असल्याने’ असा अर्ज वाचायचा. आमच्यापैकी कोणालाही त्यात विसंगती वाटत नसे.

१९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला आणि प्रिव्ही कौन्सिलची नाजूक शंका निकालात निघाली. देऊळ, मठ, वक्फ, धर्मादा, पुढे चर्च, सिनेगॉग, अग्यारी, सगळे एकाच व्याख्येत: सार्वजनिक ट्रस्ट. नोंदणी करा, मिळकत दाखवा, हिशेब तपासून घ्या. जैन समाजातून त्याला आव्हान मिळाले. १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी निकाल लिहिला. हिशेब तपासणे सरकारला शोभते. पण सरकारी आयुक्तालाच देवळा-मठाचा विश्वस्त करणे, किंवा देवासाठी दिलेला पैसा मूळ हेतू शिल्लक असताना दुसऱ्या कामाकडे वळवणे, हे धर्माच्या आत हात घालणे आहे. ही रेषा मला आजही बरोबर वाटते.

आता तो गुरव. गावचे नाव सांगत नाही. भैरवनाथाचे देऊळ, देवाच्या नावे देवस्थान इनाम वर्ग ३ ची जमीन. गुरवाच्या घराने ती पिढ्यान्‌पिढ्या कसायची आणि बदल्यात दिवाबत्ती, पूजा, जत्रेचा मान सांभाळायचा. भांडण कधी नव्हते, कारण जमीन खडकाळ होती. मग रस्ता रुंद करायचा ठरला, जमिनीची एक पट्टी गेली आणि तिच्या भरपाईचा आकडा आला. त्या दिवशी गावाला देव आठवला. पैसा देवाच्या नावे, तेव्हा बँकेत खाते काढायला गेले. तिथे विचारले, खातेदार कोण, सही कोणाची, पॅन कुठे आहे? गावाने ट्रस्ट केला. गुरवाच्या दोन भावक्या होत्या. एकीला ट्रस्टमध्ये घेतले, दुसरीला नाही. पुढचे सांगायला नकोच.

मी गावाच्या बाजूने होतो. धर्मादाय कार्यालयातल्या चौकशीत म्हातारा साक्षीला उभा राहिला, डोक्याला मळकट फेटा, हातात देवाच्या अंगाऱ्याची पुडी. ती त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि साहेबांनी ती नकळत कपाळाला लावून खिशात टाकली. मी उलटतपासणी सुरू केली.

“जमीन कोणाची?”

“देवाची.”

“पीक कोण खातं?”

“आमी.”

“म्हणजे देवाची जमीन तुम्ही खाता.”

“व्हय. देव खात न्हाई, म्हणून तर आमाला दिलीया.”

साहेब हसले, समोरचे वकील हसले. मी पुढचा प्रश्न विचारला, पण माझा तपास तिथेच संपला होता. कारण म्हाताऱ्याने दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मीमांसक उभा केला होता, त्याचे नाव कधी ऐकले नसताना.

तो मीमांसक शबर. जैमिनीच्या सूत्रांवरचे त्याचे भाष्य मी मुळात कधी वाचले नसते. भारतरत्न पां. वा. काणे हे मुंबई हायकोर्टातलेच वकील. त्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त देवस्वाची, म्हणजे देवाच्या मिळकतीची, चर्चा आहे, तिथून मी मागे गेलो. शबराचा युक्तिवाद कोर्टात शोभेल असा आहे. मालक कोण? जो वस्तू आपल्या मर्जीने वापरू शकतो, देऊ शकतो तो. देवतेला असे काही करताना कोणी पाहिले आहे का? नाही. मग ‘देवाचा गाव’, ‘देवाचे शेत’ म्हणतात ते काय? तो उपचार आहे, बोलण्याची रीत. त्या गावावर पोट भरते ते देवाच्या सेवकांचे. पूर्वपक्षी हटून म्हणतो, देवता खात कशी नाही? भुंगा रस घेतो तशी ती अन्नाचा रस घेते. नैवेद्य दाखवलेले अन्न बेचव लागते, हाच पुरावा. शबर उत्तर देतो: बेचव लागते ते वारा लागून आणि गार होऊन. यज्ञाचे कर्म सांभाळायला निघालेला हा माणूस देवाला जेवणाच्या पाटावरून आणि मालकीच्या गादीवरून दोन्हीकडून उठवतो. मनुस्मृतीवरचा भाष्यकार मेधातिथीही याच वळणाने जातो.

म्हणजे स्थिती अशी. लंडनच्या न्यायाधीशांनी मूर्तीला व्यक्ती मानून तिची इच्छा विचारली, आणि कट्टर वैदिक शबराने विचारायला तिथे कोणी मालकच नाही असे सांगितले. यात धार्मिक कोण? मला विचाराल तर दोघेही; पण पटतो शबर. देवाला मालक मानणे ही न्यायालयाची सोय आहे, आणि चांगली सोय आहे, कारण बेवारस मिळकतीवर पहिली नजर जोरकस माणसाची जाते. घोटाळा होतो तो भक्त ही सोय खरी धरून बसतो तेव्हा. “देवाचं आहे, देव बघून घेईल.” हे वाक्य मी साताऱ्याच्या सगळ्या तालुक्यांतून ऐकले आहे, आणि ते म्हणणारा दोन प्रकारचा असतो: एक ज्याला हिशेब विचारायला भीड वाटते, आणि दुसरा ज्याला हिशेब द्यायचा नसतो. देव बघून घेत नाही. डाकोरलाही त्याने बघून घेतले नाही. त्यासाठी फिर्यादी लागला.

भाविक मंडळी इथे दुखावतात. हिशेब मागणे म्हणजे अश्रद्धा, असे त्यांना वाटते. यावर मी वाल्मीकीचा दाखला देतो. भरत चित्रकूटाहून पादुका घेऊन परतला तेव्हा त्याने जे म्हटले ते ट्रस्टच्या दस्तात घालण्याजोगे आहे: भावाने हे राज्य मला ठेव म्हणून दिले आहे. चौदा वर्षे तो नंदिग्रामात राहिला. राम परतल्यावर भरताने पहिली गोष्ट काय केली? पादुका रामाच्या पायी घातल्या, राज्य परत केले आणि म्हणाला, खजिना, कोठारे, नगर, सैन्य सगळे पाहून घ्या. तुमच्या तेजाने ते मी दहापट केले आहे. रामाने हिशेब मागितला नव्हता. भरतावर अविश्वास दाखवायची कोणाची छाती होती? तरी त्याने दिला. कीर्तनात भरताची जटा, वल्कले, अश्रू सगळे ऐकले; हा ताळेबंद मात्र कोणी बुवा सांगत नाही.

धर्मादाय कार्यालयाच्या पाटीवर ‘सार्वजनिक न्यास नोंदणी’ असे लिहिलेले असते. न्यास म्हणजे खाली ठेवणे. पूजेआधी भटजी अंगन्यास-करन्यास करतात तोच हा शब्द. स्मृतींत ठेवीलाही न्यासच म्हणतात. आणि सगळेच खाली ठेवले की तो संन्यास. ट्रस्टी आणि संन्यासी एका धातूचे आहेत, हे मी एकदा विश्वस्त मंडळाच्या सभेत सांगितले. अध्यक्षांनी विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय पुकारला.

पण एका बॅरिस्टरला हे नाते इंग्रजी बाजूने उमगले होते. लंडनमध्ये शिकताना गांधींनी स्नेलचे ‘इक्विटी’ वाचले होते, ते त्यांना रंजक वाटले पण जड गेले. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना ते ‘अपरिग्रह’ या शब्दापाशी अडले: बायको, मुले, पुस्तकांची कपाटे, हे सगळे असताना अपरिग्रह करायचा कसा? आत्मकथेत ते लिहितात की तिथे इंग्रजी कायद्याचा अभ्यास मदतीला आला, ‘ट्रस्टी’ या शब्दाचा अर्थ गीतेच्या उजेडात उलगडला. कोट्यवधींची संपत्ती हाताशी असून त्यातली कवडीही आपली न मानणारा तो ट्रस्टी. लगोलग त्यांनी आपली दहा हजारांची विमा पॉलिसी सोडून दिली. पुढे हीच कल्पना त्यांनी श्रीमंतांना लागू केली, ती विश्वस्तवृत्ती. तिथे मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. गांधींच्या मांडणीत धनिकाने मन पालटून विश्वस्त व्हायचे, आणि कायद्याचा बडगा शेवटी. मन पालटेलच याचा भरवसा नाही, म्हणून तर बिशप चॅन्सेलरने हुकूम हातात ठेवला होता. मनाला टोचेल याची वाट तो बघत बसला नाही.

उलट टोकही काही कमी वाईट नाही. विश्वस्त नको, सरकारच मंडळ नेमू दे, असे म्हणत आपण सिद्धिविनायकासाठी १९८० मध्ये आणि शिर्डीसाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदे केले. पंढरपूरचा कायदा १९७३ चा. तिथल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्यावर सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केले ते २०१४ च्या जानेवारीत. भरल्या गाभाऱ्यात भाविकाला अडवणारे हात गेले, हे चांगलेच झाले, आणि मी ते कोणत्याही वंशपरंपरेच्या प्रेमाखातर मागे घेणार नाही. पण मंडळ सरकार नेमते तेव्हा हिशेब वरच्या मजल्यावर जातो. खाली रांगेत उभा असलेला माणूस मात्र बघ्याच राहतो. आणि खरा प्रश्न त्या माणसाचा आहे.

त्या म्हाताऱ्या गुरवाचे काय झाले, असे कोणी विचारील. स्कीम मंजूर झाली. दोन्ही भावक्यांना पाळीपाळीने विश्वस्तपद, भरपाई मुदत ठेवीत, तिच्या व्याजातून दिवाबत्ती आणि पूजा करणाऱ्याला ठरावीक मोबदला. सरळ हिशेब. म्हाताऱ्याला मोबदला हा शब्द आवडला नाही. “आदी देव देत हुता, आता शेक्रेटरी देतो,” तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. पण शेक्रेटरीकडे पावतीपुस्तक आहे आणि दरसाल ऑडिट होते, हेही बरोबर होते. शबर आणि चॅन्सेलर या दोघांना एका गावात नांदवायचे तर एवढी किंमत पडते, आणि ती द्यावी असे माझे मत आहे.

शेवटी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. ती सांगायला मी पूर्वी फी घेत असे. आपल्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात ‘हितसंबंधी व्यक्ती’ची व्याख्या दिली आहे. अर्ज कोण करू शकतो, तक्रार कोण नेऊ शकतो, ते तिच्यावर ठरते. देवळाच्या बाबतीत त्यासाठी वर्गणीदार असावे लागत नाही, मानकरी असावे लागत नाही, विश्वस्तांच्या भावकीतले असावे लागत नाही. जो त्या देवळात पूजेला जातो, किंवा जायचा ज्याला हक्क आहे, तो हितसंबंधी. तिथे वाटप होते त्यातला वाटा जो घेतो, म्हणजे साध्या भाषेत प्रसाद खातो, तोही हितसंबंधी. तुम्ही आपल्या गावच्या देवळात गेल्या जत्रेला प्रसाद खाल्ला असेल, तर धर्मादाय कार्यालयात जाऊन त्या देवळाच्या नोंदीची नक्कल मागा. अर्ज साध्या कागदावर चालतो.